हवामानखात्यावरील फिर्याद : एक प्रतिवाद

आषाढ लागला म्हणजे आमच्या विठ्ठलवाडीत ज्या गोष्टी नेमाने वर येतात त्यांत वालधुनी नदीचे पाणी, गटारांवरच्या फरश्या आणि हवामानखात्याची निंदा या तीन प्रमुख होत. पहिल्या दोहोंबद्दल दाद कोणत्या महानगरपालिकेकडे मागावी, कल्याण-डोंबिवलीकडे की उल्हासनगरकडे, हा शिवेवर राहणाऱ्या माणसाचा जुनाच पेच आहे. तिसरीला मात्र हद्दीचा प्रश्न नाही. कर्जतकडची गाडी रखडावी, फलाटावरच्या कोणा सद्गृहस्थाने ‘खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री खुशाल घरी ठेवावी’ असे म्हणावे आणि भोवतालच्या दहापाच मंडळींनी माना डोलवाव्यात, हा परिपाठ इतका रुळलेला आहे की त्याला पुराव्याची गरज आजवर कोणास भासलेली नाही.

फलाटावरच्या विनोदाला उत्तर देण्याचे प्रयोजन नसते. परंतु आमच्या परिचयाचे एक बहुश्रुत गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला वस्तीत वजन आहे, त्यांनी या विनोदाला अलीकडे एका व्याख्यानात रीतसर फिर्यादीचे स्वरूप दिले, आणि श्रोत्यांनी तिच्यावर टाळ्यांचा शिक्का उठवून ती मंजूरही करून टाकली. तेव्हा प्रतिवादीच्या वतीने कोणीतरी उभे राहणे प्राप्त झाले. फिर्यादीचा मतलब असा: त्यांची कन्या व जावई अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहतात, तेथे सोमवारी सांगितलेला बर्फ शुक्रवारी ठरल्या प्रहराला पडतो, शास्त्र सर्व जगाला एकच असल्यामुळे त्यांना साधते ते आपल्याला साधत नसेल तर दोष शास्त्राचा नसून आपल्या शास्त्रज्ञांचा आहे, सबब चार-सात दिवस आधीचे अंदाज देण्याचा हा सारा खटाटोप म्हणजे सरकारी तिजोरीवरचा भार असून, त्यापेक्षा नक्षत्राचे वाहन पाहून पेरणी करणारा आपला जुना शेतकरी शहाणा होता.

फिर्यादीतला जो भाग खरा आहे तो आधी मान्य करून टाकावा, म्हणजे पुढचा वाद स्वच्छ होतो. उत्तरेच्या थंड मुलखात मध्यम पल्ल्याचा अंदाज, म्हणजे साधारण तीन दिवसांच्या पुढचा आणि दहा दिवसांच्या आतला अंदाज, आपल्याकडच्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतो यात शंका नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळ अटलांटिकमधून अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते आणि अशी वादळे बहुधा समुद्रातच निघून जातात, तरीही हे वादळ डावीकडे वळून न्यू जर्सीवर धडकेल, असे युरोपातील मध्यम पल्ल्याच्या अंदाजांच्या केंद्राने जवळजवळ आठवडाभर आधी दाखविले होते. आणि २९ ऑक्टोबरला ते तसेच घडले. आमच्या मित्रांच्या जावयांनी त्या आठवड्यात मेणबत्त्या आणि पाणी भरून ठेवले असेल तर ते योग्यच केले.

पण ‘शास्त्र एकच’ या एका वाक्यातून मित्रांनी जो निष्कर्ष काढला आहे तो मात्र घसरलेला आहे. समीकरणे सर्वत्र एकच आहेत. ज्या वातावरणाला ती लावावयाची ते सर्वत्र एकच नाही. थंड मुलखातील हवा म्हणजे मुख्यतः ध्रुवाकडची जड, कोरडी हवा आणि दक्षिणेकडची उबदार, दमट हवा यांचे शिवेवरचे भांडण होय. त्या शिवेवर, उंचावरील पश्चिमी वाऱ्यांच्या हजारो किलोमीटर लांबीच्या लाटांबरोबर, कमी दाबाची प्रचंड वर्तुळे जन्मतात, वाढतात आणि काही दिवसांनी विरतात. नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म बेर्कनेस आणि त्यांचे सहकारी यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या वर्तुळांची अंतर्रचना उलगडून दाखविली. १९३९ साली रॉस्बी यांनी लांब लाटांचे गणित मांडले. एवढी मोठी आणि एवढी दीर्घायुषी आकृती समुद्रावर दिसली, म्हणजे ती किनाऱ्यावर कधी येईल हे काढणे कठीण असले तरी अशक्य नसते, कारण तेथे वायुदाबाचा उतार आणि पृथ्वीचे परिवलन यांचा परस्परांशी बऱ्यापैकी पक्का हिशेब असतो आणि एकावरून दुसऱ्याचा पत्ता लागतो.

आपण विठ्ठलवाडीकर एकोणिसाव्या अक्षांशावर आहोत. येथे परिवलनाचा तो प्रभाव पन्नासाव्या अक्षांशाच्या मानाने निम्म्याहूनही कमी आहे, दाबातील फरक किरकोळ आहेत, आणि पाऊस येतो तो दोन हवांच्या शिवेवरून नव्हे, तर समुद्रावरून आलेल्या बाष्पाने भरलेल्या हवेत उभ्या चढणाऱ्या ढगांमधून. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो, त्याचे आयुष्य तासाभराचे. तो मरताना शेजारी दुसऱ्याला जन्म देतो. चुलीवर आधण ठेवले असता ते किती वेळात उकळू लागेल हे गृहिणी बिनचूक सांगते, परंतु पहिला बुडबुडा पातेल्याच्या कोणत्या बाजूने वर येईल हे तिला विचारणे हा तिचा अवमान आहे. आमचे मित्र खात्याला नेमके बुडबुड्याचे स्थान विचारीत आहेत, आणि उत्तर चुकले म्हणून आधणाचे शास्त्रच खोटे ठरवीत आहेत.

आता कोणी म्हणेल की ही पळवाट झाली. ती तशी नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. काश्मीर आणि हिमाचलात हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. हे विक्षोभ थंड मुलखातील त्याच मोठ्या आकृतींचे नातलग असल्यामुळे त्यांची चाहूल चारपाच दिवस आधी चांगली लागते. तो अंदाज देणारे खाते तेच, गणकयंत्रे तीच आणि अधिकाऱ्यांचे पगारही त्याच तिजोरीतून होणारे. बदलतो तो अक्षांश आणि ऋतू. जे लोक जानेवारीत श्रीनगरच्या बर्फाबाबत जाणते असतात तेच जुलैत कल्याणच्या पावसाबाबत अडाणी होतात, असे मानायचे असेल तर ती एक नवीच विद्या म्हणावी लागेल.

आणि ज्या न्यू जर्सीचा हवाला देण्यात आला तेथील दफ्तर तरी पूर्ण वाचावे! २६ आणि २७ जानेवारी २०१५ च्या हिमवादळाच्या वेळी न्यूयॉर्क शहरावर दोन फूट किंवा त्याहूनही अधिक बर्फ साचेल असा इशारा होता. हिमवर्षावाच्या कारणास्तव त्या शहराची भुयारी रेल्वे इतिहासात प्रथमच बंद करण्यात आली. आणि प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये साचला तो दहा इंचांच्या आसपास. तेथील एका हवामान-अधिकाऱ्याने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. वादळ आलेच नाही असे नव्हते. ते काही कोस पूर्वेला सरकले होते, आणि बॉस्टन व वूस्टर या गावांना दोन-तीन फूट बर्फाखाली पुरून गेले होते. म्हणजे हजार किलोमीटरची आकृती बिनचूक हेरली गेली, परंतु तिची कड काही कोसांनी चुकली; आणि त्या कडेवर ऐंशी लाख लोकांचे शहर बसलेले असल्यामुळे जगाने तो अंदाज साफ फसला असेच म्हटले. इंग्लंडचा अनुभव तर त्याहून जुना. अॅडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात अंदाज छापावयास आरंभ केला, त्यांची यथेच्छ टवाळी झाली, १८६५ साली त्यांनी आत्महत्या केली, आणि पुढच्याच वर्षी विद्वानांच्या समितीने हा अशास्त्रीय उद्योग थांबविला; तेव्हा वादळाचे इशारे पुन्हा सुरू करा म्हणून आग्रह धरणारे लोक वृत्तपत्रांत विनोद करणारे नव्हते, ज्यांना समुद्रावर जावे लागत होते ते होते.

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळू. आमच्या मित्रांच्या फिर्यादीतील हुकमी साक्षीदार म्हणजे २६ जुलै २००५. त्या दिवशी काय होणार हे खात्याला कळले नाही, यापुढे बोलण्यासारखे काय उरले, असा त्यांचा सवाल आहे. उरते ते असे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. दोन्ही वेधशाळा एकाच शहरातल्या, एकाच खात्याच्या, आणि त्यांच्यामध्ये अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे, म्हणजे विठ्ठलवाडीहून ठाण्यापलीकडे जाण्याएवढे. समजा, आदल्या शनिवारी कोणा त्रिकालज्ञाने ‘मुंबईत मंगळवारी ९०० मिलिमीटर पाऊस पडेल’ असे लिहून दिले असते, तर मंगळवारी सायंकाळी कुलाब्याच्या रहिवाशाने त्यालाही खोटाच ठरविले असते. त्या काळी सबंध जगासाठी चालविल्या जाणाऱ्या गणिती प्रारूपांतील चौकटी इतक्या मोठ्या होत्या की सबंध मुंबई बेट त्यांतल्या एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात हरवून जावे. आणि पावसाळी ढगांच्या पोटात डोकावणारे डॉप्लर रडार मुंबईत नव्हते. तेथे नालस्ती करण्यासारखे पुष्कळ होते: रडार नसणे, पाऊस मोजणारी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असणे, सांताक्रूझमध्ये दुपारी पडणारा पाऊस सायंकाळपर्यंत निर्णय घेणाऱ्यांच्या मेजावर न पोहोचणे. परंतु हे सगळे प्रश्न तासांचे आहेत, आठवड्याचे नाहीत. मध्यम पल्ल्याच्या अंदाजाकडे त्यांचा जाब मागणे म्हणजे दिवाणी दाव्यात फौजदारी कलम लावण्यासारखे आहे.

हीच गल्लत २७ जुलै २०१९ च्या प्रसंगीही झाली. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, आणि हजारभर उतारूंना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक लोक यांनी होड्यांतून बाहेर काढले. आमच्या भागातील प्रत्येकाला त्या दिवसाची आठवण आहे, आणि पुष्कळांच्या मनात तोही ‘वेधशाळेचा घोटाळा’ म्हणूनच नोंदला गेला आहे. वस्तुतः उल्हासचा उगम राजमाचीच्या डोंगरांत. घाटमाथ्यावर आणि कर्जतच्या पट्ट्यात पडलेले पाणी नेरळ, वांगणी, बदलापूर करीत काही तासांत खाली येते. आणि ते रुळांवर चढेल की नाही हे ठरते घाटाखाली प्रत्यक्ष पडलेल्या पावसावरून आणि नदीच्या पातळीवरून. पाच दिवस आधीचा अंदाज फार तर इतकेच सांगू शकतो की या आठवड्याअखेर उत्तर कोकणात अतिवृष्टीस अनुकूल परिस्थिती आहे. त्यापुढची जबाबदारी पर्जन्यमापकाची, नदीवरच्या मोजपट्टीची आणि त्यांचे आकडे रात्री जागून वाचणाऱ्या माणसाची असते. त्या रात्री ही साखळी कोठे तुटली याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. ती आठवडी अंदाजात तुटली नव्हती एवढे मात्र निश्चित.

‘अनुकूल परिस्थिती’ हा शब्दप्रयोग काहींना गुळमुळीत वाटेल, परंतु त्यामागे ठोस गोष्टी आहेत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन ते ओडिशावरून मध्य भारताकडे सरकणे. गुजरातपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा उभा राहणे. अरबी समुद्रावरून दीड किलोमीटरच्या उंचीवर वाहणारा पश्चिमी वाऱ्याचा झोत बळावणे. आणि क्वचित उत्तर कोकण-गुजरातलगत मध्यम उंचीवर वाऱ्याचा भोवरा तयार होणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळून आल्या की सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस झोडपतो. आणि ही जुळणी चारपाच दिवस आधी हेरता येते. दशकागणिक सुमारे एक दिवस या गतीने जगभरच्या अंदाजांचा पल्ला वाढत आला आहे, त्यात आपलाही वाटा आहे.

मग खाते स्पष्ट का बोलत नाही? खाते स्पष्टच बोलते. ऐकणाऱ्याला ते ऐकावयाचे नसते. ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण दर पावसाळ्यात पन्नास वेळा वाचतो. त्यातील प्रत्येक शब्दाला ठराविक माप आहे. मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक. अति मुसळधार ११५.६ पासून पुढे, २०४.५ पासून अतिवृष्टीची शेवटची पायरी. आणि तुरळक ठिकाणी म्हणजे त्या क्षेत्रातील पावसाच्या नोंदी घेणाऱ्या ठिकाणांपैकी फार तर चौथा हिस्सा. म्हणजे हा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी जिल्ह्यातील चारांपैकी तीन ठिकाणच्या लोकांना तो खोटा वाटणार, हे त्या वाक्यातच लिहिलेले आहे! मुरबाडला दीडशे मिलिमीटर पडले आणि डोंबिवलीत धुणे वाळले, तर डोंबिवलीकराने हसावयाचे कारण नाही. त्याच्या शिधापत्रिकेवर आणि मुरबाडकराच्या शिधापत्रिकेवर जिल्हा एकच छापलेला आहे.

शक्यता या शब्दाची तीच कथा. १९६० च्या सुमारास एडवर्ड लोरेन्झ यांनी गणकयंत्रावर हवेचे एक सोपे गणित पुन्हा चालविताना आरंभीच्या आकड्यातील दशांशचिन्हापुढचे सहा अंक न घालता तीनच घातले, आणि थोड्याच काळात उत्तर मूळ उत्तरापासून पार फारकत घेऊन गेले. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६३ चा. तेव्हापासून शास्त्रज्ञांनी हे ओळखले आहे की आजची हवा कधीच पूर्णांशाने मोजता येत नाही, सबब एका गणितावर विसंबण्यात अर्थ नाही. १९९२ पासून युरोप व अमेरिकेत, आणि २०१८ पासून आपल्याकडे अधिक बारीक चौकटींवर, तेच गणित किंचित निराळ्या आरंभांवरून अनेकवार चालविले जाते. आपले असे एकवीस आरंभ असतात. एकवीसपैकी अठरांनी शनिवारी कोकणात अतिवृष्टी दाखविली तर गोष्ट निराळी, आणि सहांनीच दाखविली तर निराळी. पण सहांनी दाखविली म्हणजे ती होणार नाही असे नव्हे. एकवीस पंचांच्या या निकालपत्राचे हो की नाही एवढेच भाषांतर मागणाऱ्याला कोणतेही उत्तर दिले तरी ते लबाडीचेच होईल.

आमच्या मित्रांनी शेतकऱ्याचे नाव घेतले आहे, तेव्हा शेतकऱ्याच्या खऱ्याखुऱ्या फिर्यादीचा उल्लेख टाळता येत नाही. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामानखात्याविरुद्ध तक्रार दिली की चांगल्या पावसाच्या अंदाजावर भिस्त ठेवून आम्ही पेरणी केली, पावसाने दडी मारली आणि बियाणे वाया गेले. खात्याने बियाण्यांच्या व औषधांच्या कंपन्यांशी संगनमत केल्याचा आरोपही त्यात होता. तो मला पटत नाही, परंतु त्यामागचा संताप समजतो. आता त्या वर्षीचा अंदाज काय होता? सबंध देशावर चार महिन्यांत मिळून सरासरीच्या ९८ टक्के पाऊस. झाला किती? ९५ टक्के. कागदावर हा अंदाज उत्तम ठरला; माजलगावच्या रानात तो कवडीमोलाचा होता, कारण जूनअखेरीस पेरलेले बी पुढच्या दहा दिवसांत उगवेल की करपेल या एकाच प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला हवे होते, आणि हंगामी अंदाजात ते कधीच नसते. ते असते मध्यम पल्ल्याच्या अंदाजात. शेतकऱ्याच्या नावाने ज्या अंदाजाला केराची टोपली दाखवावी असे मित्र म्हणतात, नेमका तोच अंदाज त्या शेतकऱ्यापर्यंत न पोहोचल्याची ती फिर्याद होती. हंगामी भाकितांची बदनामी, २००२ साली सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस होऊन दुष्काळ पडला त्याचा डाग, हे सारे मध्यम पल्ल्याच्या खात्यावर जमा करणे म्हणजे थोरल्या भावाचे कर्ज धाकट्याच्या सातबाऱ्यावर चढविणे होय.

पंचांगाविषयी मला आदर आहे. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ते घटिकापळांत सांगते आणि कधी चुकत नाही. पण बेडूक, म्हैस, कोल्हा ही वाहने विठ्ठलवाडी, विदर्भ आणि वाराणसी यांना एकाच दिवशी एकच असतात. आणि कोल्हा असताना पूर आला म्हणून ज्योतिर्विदावर कोणी पोलिसांत गेल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्याकडून हिशेब मागितलाच जात नाही तो कधी खोटा ठरत नाही, यात त्याचे श्रेय कोणते?

राहिला तिजोरीचा प्रश्न. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले १९८८ मध्ये. त्यासाठी अमेरिकेकडून क्रे जातीचे महागणकयंत्र मिळविताना किती अटी व किती विलंब सोसावा लागला, आणि त्याच अनुभवातून पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ महागणक कसा घडला, ही हकीकत महाराष्ट्राने विसरावी अशी नाही. पुण्याला तर हवामानाचे दफ्तर सिमल्याहून १९२८ सालीच आले. शिवाजीनगरला त्या दफ्तराजवळच्या चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. या सगळ्यावर खर्च झाला, होत आहे. त्याच्या समोरच्या रकान्यात काय आहे ते पाहा. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले तेव्हा चार दिवसांच्या पूर्वसूचनेवर दहा लाखांच्या आसपास लोक हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. हा फरक कोणत्या वाहनाने घडविला?

ओडिशात जे घडले ते आमच्याकडे का घडत नाही, हा प्रश्न मात्र मित्रांनी विचारावयास हवा होता, आणि विचारला असता तर मी त्यांच्याच बाजूला जाऊन बसलो असतो. तेथे अंदाजाला पुढे हुकूम जोडलेला असतो: अमुक इशारा आला की अमुक गावे रिकामी करावयाची, चावी कोणाकडे, धान्य कोठे. आमच्याकडे इशारा येतो, भ्रमणध्वनीवर नारिंगी रंग उमटतो, शाळांना सुट्टी मिळते किंवा मिळत नाही, आणि प्रकरण दफ्तरदाखल होते. वास्तविक उल्हासच्या खाडीत भरती किती वाजता आणि किती मीटरची येणार हे वर्षभर आधी छापलेले असते. २६ जुलै २००५ ची ४.४८ मीटरची भरतीही अशीच आधी छापलेली होती. पाच दिवसांनंतरच्या अतिवृष्टीची संभाव्यता एका हातात आणि भरतीचे कोष्टक दुसऱ्या हातात घेऊन, वालधुनीच्या कोणत्या वस्त्यांत कोणत्या प्रहरी पाणी तुंबण्याचा धोका आहे हे सोमवारीच मांडता येईल. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही, एक कारकून आणि एक नकाशा पुरतो.

संभाव्यतेवर कृती कशी करावी हे समजत नाही असे म्हणणाऱ्यांनी सखल रस्त्यावरच्या एखाद्या कापड-दुकानदाराशी बोलावे. तळाच्या फळीवरचे तागे माळ्यावर चढविण्यास हमाली समजा हजार रुपये आणि ते भिजल्यास नुकसान समजा पन्नास हजार. मग पाणी शिरण्याची शक्यता पन्नासांत एकाहून जराशी जास्त असली तरी तागे वर चढविणेच फायद्याचे, आणि पाच वेळा पाणी शिरले नाही म्हणून सहाव्यांदा तो हमालाला परत पाठविणार नाही. हे गणित त्याला कोणी शिकविलेले नसते. शाळेच्या सुट्टीनंतर ऊन पडले म्हणून अधिकाऱ्याची हुर्यो करणारे आपण लोक मात्र पुढच्या वेळी त्या अधिकाऱ्याने सुट्टी देऊ नये याची तजवीज करून ठेवतो.

प्रतिवादी निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. मुंबईसाठी दुसरे डॉप्लर रडार उभे राहण्यास २०२२ साल उजाडावे लागले, आणि कृषिविज्ञान केंद्रांतून चालणारे जिल्हा कृषिहवामान विभाग, म्हणजे माजलगावच्या शेतकऱ्यापर्यंत पाच दिवसांचा अंदाज नेणारा शेवटचा टप्पा, २०२४ साली बंद करण्यात आले. यावर आमच्या मित्रांनी व्याख्यान दिले असते तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या असत्या. माझी स्वतःची मागणी त्याहून साधी आहे. दर वर्षी ऑक्टोबरात, ठाणे जिल्ह्यापुरता, मराठीत आणि एका पानावर, गेल्या पावसाळ्यातील इशाऱ्यांचा जमाखर्च जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लागावा: पाच दिवस आधी किती इशारे दिले, त्यांपैकी किती दिवशी जिल्ह्यात कोठेतरी खरोखर मुसळधार झाली, किती दिवशी झाली नाही, आणि किती वेळा इशारा नसताना झाली. सकाळी साडेआठची पर्जन्यमापकांची नोंद सरकारदरबारी असतेच, आणि इशारेही तारीखवार जपलेले असतात. दोहोंची गाठ घालावयाची आहे. असा कागद लागला की आमच्या मित्रांना आपली फिर्याद आकड्यांनिशी नव्याने दाखल करता येईल, आणि मलाही माझा प्रतिवाद त्याच आकड्यांवर तपासून घ्यावा लागेल. कागदाची पहिली प्रत विठ्ठलवाडीच्या फलाटावर लावण्याची जबाबदारी मी घेतो, रेल्वेने परवानगी दिली तर.